दोनशे अकरा की आठशे पंचेचाळीस

फडक्याची घडी होती ती — चारपदरी, एका कडेने जांभळा दोरा निघालेली, कुठल्यातरी जुन्या पातळाचा तुकडा — आणि डब्याच्या उजव्या पुढच्या पायाखाली ती इतकी नीट सरकवलेली होती, की पाहणाऱ्याला वाटावं, डबा बनवणाऱ्यानेच ती तिथे ठेवली असणार. डबा बनवणारा जगदेव होता आणि त्याने ती ठेवली नव्हती. त्याने ती दोन बोटांनी ओढून काढली. काल काढली होती. परवा काढली होती. दिवाळीच्या आधीपासून रोज सकाळी तो ती घडी काढून खिडकीत फेकत होता आणि रोज सकाळी ती परत पायाखाली... आता हे कोण करतं ते शोधायला घरात काही बारा माणसं नव्हती. दोनच होती. ओरडून सांगावंसं वाटलं — अवं, याले खालून हवा लागते, हा काय डुगडुगणारा पाट आहे का! — पण सांगितलं की कस्तुराबाई पदराला हात पुसत येणार, मग बोलणं निघणार, बोलण्यातून लेकाचा, विनोदचा फोन निघणार, फोनमधून पुण्याला कधी येता ते निघणार, आणि आज बोलणं नकोच होतं. आज कान कोरा ठेवायचा होता.

डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. लोक निवृत्त होऊन शिरपूरला परत येतात तेव्हा संत्र्याची झाडं लावतात, भजनी मंडळात जातात, निदान साखर तरी तपासून घेतात. जगदेवने सहा वर्षांत हा डबा केला. बाजारातल्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरांत आवाजाची लाट दोघं वाटून घेतात, अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची. याच्या डब्यात काचेचा एकच व्हॉल्व्ह, पुरी लाट त्याने एकट्याने वाहायची — सिंगल-एंडेड म्हणतात त्याला — आणि तो व्हॉल्व्हही घरगुती रेडिओतला किरकोळ नव्हे, प्रक्षेपण केंद्रावरचा, दुधाच्या बाटलीएवढा, हजार व्होल्टवर चालणारा, पेटला की खोलीत दिवा लावायची गरज नाही. असे दोन होते त्याच्यापाशी. एक दोनशे अकरा नंबरचा, त्याने नोकरी केली त्या रेडिओ केंद्रावरचा. जुना ट्रान्समीटर मोडीत निघाला तेव्हा त्याने तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसने आणला होता. दुसरा आठशे पंचेचाळीस, संघदीपने मागवलेला, नवा कोरा. दोघांची बैठक सारखी. एक काढायचा, दुसरा बसवायचा, मागचा खटका फिरवायचा. आणि सांगायचं — कोणता चांगला वाजतो.

एवढंच. एवढंच सांगायचं होतं, आणि ते सांगायला आठ महिने झाले होते.

संघदीप वाशीमच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या नादी लागलेल्या दोन-अडीचशे माणसांचा फोनवर एक गट आहे, त्यात त्याची ऊठबस आहे. त्याने तिथे लिहून टाकलं होतं — आमचे जगदेवकाका ऐकून सांगतील, तो शेवटचा शब्द. आता कुठले कुठले लोक, कोणी सांगलीचा, कोणी इंदूरचा, विचारत होते, काकांचं काय ठरलं? आज दुपारी तीनला तो येणार होता. काका, आज ठरवूनच टाकू, असं म्हणाला होता. ठरवून टाकू! जणू भाजी निवडायची आहे.

आणि बिशाद काय होती एकेकाळी कोणाची, जगदेवला असं म्हणायची. केंद्रावर अडतीस वर्षं... 'जगदेवचा कान' असंच म्हणायचे, जसं एखाद्याचं घराणं सांगावं. हॉलमध्ये व्हॉल्व्ह थंड करणारे ब्लोअर चालू, गोंगाट असा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं, बाकीचे सगळे कानांत कापसाचे बोळे घालून, आणि जगदेव चहाचा कप हातात घेऊन, कापूसबिपूस काही नाही, नुसता एक चक्कर मारायचा नि सांगायचा — तीन नंबरचा जाणार, आठवडा काढत नाही. सहाव्या दिवशी जायचा. कापूस घाल रे बाबा, असं मोठे साहेब एकदा म्हणाले होते. कापूस घातला तर ऐकू काय, असं जगदेवने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आणि साहेब हसले होते, आणि ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं केंद्रावर सांगितली जात होती. त्याच्यापाशी दुसरं काय होतं? शिक्षण बेताचं, बढती उशिरा. कान होता.

तो असायला हवा होता आजही. का नसेल?

त्याने दोनशे अकरा बसवला, स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. दोनशे पाच. शेतीच्या लायनीवर लाईट आलेली, सगळ्या गावाचे पंप गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला लागलेले, मग इथे जगदेवच्या व्हॉल्व्हच्या वाट्याला राहणार काय? वैतागून त्याने काटा वर घेतला. तो खाली आला. परत वर घेतला. शेजारी बबनरावांच्या अंगणात कोणीतरी ताडपत्री झटकत होतं, ती नेमकी आजच झटकायची होती. रस्त्यावरून शिरपूरला येणाऱ्या यात्रेकरूंची गाडी गेली, तिचा हॉर्न तीन सुरांत वाजणारा... एक वस्तू, एक दिवस, अर्धा तास माणसाला शांतपणे ऐकू देत नाहीत.

मग टेप लावली.

टेप एकच होती. गेले आठ महिने तीच. बेचाळीस वर्षांपूर्वी, भुलाबाईच्या दिवसांत, केंद्राची रेकॉर्डिंगची गाडी आसेगावला गेली होती, आणि हा भाग तुझा, तू जा सोबत, म्हणून जगदेवला तारा ओढायला पाठवलं होतं. अंगणात पंधरा-वीस पोरी. गाणी झाली, सासरची, माहेरची, मग खाऊ ओळखायची वेळ आली — डब्यात खाऊ लपवून डबा कानाशी हलवायचा, आवाजावरून ओळखायचं आत काय आहे ते — आणि एकेक पोरगी चुकत गेली. चिवडा. शेव. रेवड्या. नाही, नाही, नाही. मग मागून एक लुकडी पोरगी पुढे आली, तिने डबा हातात घेतलासुद्धा नाही, दुसरीने हलवला तेवढ्यावरच म्हणाली, फुटाणे हायेत, पण त्यात एक खारीक हाय. डबा उघडला. फुटाणे होते, आणि एक खारीक होती, कोणीतरी मुद्दाम फसवायला टाकलेली. जगदेवच्या हातातला माईक हलला होता. टेपवर अजून ती खरखर आहे. दुसऱ्या वर्षी त्याने त्या पोरीशी लग्न केलं. रूप नाही पाहिलं, हुंडा नाही विचारला, खारीक ऐकणारी बायको केली, असं तेव्हा मित्रांना सांगत फिरला होता... तो केव्हाचा काळ.

या टेपवरचा तो डब्याचा आवाज म्हणजे त्याची कसोटी. पत्र्याची कड वेगळी, फुटाणे वेगळे, खारीक वेगळी ऐकू आली पाहिजे. त्याने डोळे मिटले. भोंगा भिंतीशी, तो बरोबर आठ फुटांवर. पोरी गायला लागल्या. सूर भरलेला, ठीक. खालचा भाग घट्ट, ठीक. आता डबा येईल... आला, आणि —

"अहो! ऐकता का! सिलिंडरवाला आला ना!"

डोळे उघडले तर कस्तुराबाई दारात. सगळा चेहरा आवाजाच्या मागे लावून उभी.

"कायले ओरडतं एवढी? मी का मैलावर हाय?"

"पुस्तक कुठी ठेवलं गॅसचं?"

"मले काय माहीत! टीव्हीच्या मांगं पाय. अन् हळू बोलत जाय जरा, कामात हावो मी."

ती गेली. आणि गेला तो डबाही, फुटाण्यांसकट. आता परत टेप मागे घ्यायची. पूर्वी असं नव्हतं हे. पूर्वी ही बाई इतकी हळू बोलायची की सासूने तिला मुकी ठरवली होती. गेली दोन वर्षं काय झालं आहे कोण जाणे, तोंड उघडलं की टिपेला. एकदा हळू हाक मारून पाहावी, माणूस येतो का पाहावं, ही रीतच सोडली. आणि तिलाच कशाला बोला, सगळं गावच तसं झालंय — एकतर ओरडतात, नाहीतर ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. धड बोलणारा माणूस औषधाला मिळत नाही. विनोद फोनवर पुटपुटतो. बातम्या देणाऱ्या पोरी पुटपुटतात. बसचा कंडक्टर गावाचं नाव असं गिळतो की जगदेव मागच्या महिन्यात एक थांबा पुढे जाऊन उतरला होता आणि उन्हातून मागे चालत आला होता, घरी काही बोलला नव्हता.

टेप मागे घेतली. डबा आला. तो मान पुढे करून ऐकत राहिला आणि वहीत लिहिलं: २११ — वर मोकळा, हवा चांगली, दाणा सुटा.

आता दुसरा. पण दुसरा असा लगेच येत नाही. आधी लाईट बंद करा, मग आतला साठलेला करंट उतरू द्या, मग काच निवू द्या — वीस मिनिटं. आणि ही वीस मिनिटं पहिला आवाज मनात धरून बसायचं, पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन गर्दीतून जावं तसं, की आता कोणी हाक मारू नका, कोणी धक्का देऊ नका. आणि याच वीस मिनिटांत जगातल्या सगळ्यांना जगदेवशी काम निघतं. कस्तुराबाई आली, मेथी निवडत बसली. उठली, मागच्या अंगणात गेली. ही आणखी एक तऱ्हा — डबा सुरू असला की ही घरात थांबत नाही, परसात जाऊन बसते, तिथे काय सोनं पिकलं आहे? डबा बंद झाला की परत आत. एकदा त्याने विचारलं होतं, तर म्हणाली, त्या तुमच्या मशीनचा त्रास होते कानाले. त्रास! जिच्या स्वतःच्या आवाजावर हा माणूस आठ महिने घालवतो आहे, तिला त्याचा त्रास होतो. त्याने त्या दिवशी बरंच ऐकवलं होतं. तुले काय समजते त्यातलं, तुयी अक्कल पोळपाटाएवढी, असंही म्हणाला होता. ती काही बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, पुटपुटली असेल.

आठशे पंचेचाळीस पेटला. टेप लागली. पोरी गायल्या. सूर भरलेला. खाली घट्ट. डबा आला...

तोच की.

म्हणजे — तोच. त्याने टेप मागे घेतली. परत डबा. पत्र्याची कड कुठे आहे? खारीक कुठे आहे? आहे, तिथेच आहे, पण दोनशे अकरामध्ये ती जशी होती तशीच आहे, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मग त्याने वहीची मागची पानं उलटली, आणि हे करायला नको होतं. मार्चमध्ये लिहिलेलं: ८४५ — वर मोकळा, हवा चांगली, २११ बोजड. जूनमध्ये उलट. पोळ्याच्या दिवशी: दोन्ही सारखे, व्होल्टेज कमी. सप्टेंबर: ८४५ निःसंशय. ऑक्टोबर: २११ निःसंशय. निःसंशयाखाली दोन रेघा. अक्षर त्याचंच होतं. एकच माणूस एकाच खुर्चीत बसून एकच टेप ऐकून दर महिन्याला नवं बोलतो, आणि रेघा मारून बोलतो! कोण आहे हा गाढव?

व्होल्टेज, तो मनाशी म्हणाला. हे सगळं व्होल्टेजमुळे होतं आहे. हे पंप. ही ताडपत्री. ही बाई. ही टेप झिजली. भोंग्याचा कागद जुना झाला. एकेक नाव घेत गेला आणि सगळी नावं संपल्यावर एकच उरलं, ते घेतलं नाही. मी काय... नाही. मी अजून खोलीतून चालत गेलो तर सांगू शकतो. मला फक्त एक शांत तास द्या, कोणीतरी द्या, देवा, एक तास.

संघदीप पावणेतीनलाच आला. तीनला सांगून पावणेतीनला. मोटारसायकल अंगणात लावली, हेल्मेट काढलं, दारातच चपला काढताना काहीतरी म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, ठरलं का काका?"

"ठरलं म्हणजे... आईक ना तू बी."

पोरगा चांगला होता. ओठांतल्या ओठांत बोलायचा एवढंच. त्याने दोन्ही व्हॉल्व्ह प्रकाशात धरून पाहिले, वही चाळली नाही — चाळली असती तर जगदेवने हिसकावून घेतली असती — आणि मग मान खाली घालून, बोटांत एक कागद दुमडत म्हणाला, "काका, राग नका मानू. गटातल्या लोकाईचं म्हणणं हाय का पाठ करून आयकावं. तुमी तिकळे तोंड करून बसा. मी लावतो. कोणता लावला ते या चिठ्ठीवर लिहून ठीवतो. तीनदा करू."

"म्हंजे माई परीक्षा?"

"तुमची नाई काका. व्हॉल्व्हची."

रागाने जगदेवचे कान गरम झाले, पण नाही म्हणणार कसं? नाही म्हणणं म्हणजेच... त्याने खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले. मागे खटका. लाईट. टेप. पोरी गायल्या, डबा हलला. जगदेव हाताची घडी घालून बसला, केंद्रावर बसायचा तसा.

"दोनशे अकरा," तो म्हणाला. "हवा पाय वरची."

मागे कागदावर पेन. मग वीस मिनिटं. या वीस मिनिटांत संघदीपने वाशीमच्या रस्त्याचं काहीतरी सांगितलं, जगदेवने हं हं केलं. परत खटका, लाईट, टेप.

"आठशे पंचेचाळीस. बंद बंद वाटून राह्यलं वरून."

परत वीस मिनिटं. दुधाचे खाडे तीनदा मोजून झाले. मागे वळून चेहरा पाहावा असं दहादा वाटलं, पाहिला नाही. सरळ सांगून टाकावं याने, चूक की बरोबर, तर नाही, चिठ्ठी म्हणे! तिसऱ्यांदा टेप लागली. पोरी गायल्या, फुटाणे हलले, आणि जगदेव तोंड उघडणार तोच चहाचे कप घेऊन कस्तुराबाई आत आली आणि दारातच तिचा चेहरा आक्रसला, हे त्याला दिसलं कारण दार भिंतीकडच्या बाजूलाच होतं.

"लावला वाटते परत तो शिट्टीवाला," ती म्हणाली.

टेप चालत राहिली.

"काकू," संघदीप म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज स्वच्छ होता, "तुमालेबी येते आयकू? मी मघापासून म्हणून राह्यलो, माह्याच कानात हाय का काय. बारीक, सुईवानी. दोनशे अकरा लावला का सुरू."

"मंग! दिवाळीच्या आंधीपासून हाय. डोक्यात घुसते नुसती. आज तं जास्तच हाय. ते खालचं फडकं..."

आणि ती थांबली. जगदेवने मान वळवली होती. खुर्ची नाही, नुसती मान. तो तिच्याकडे पाहत होता आणि ऐकत होता, जिवाच्या आकांताने ऐकत होता — शिट्टी कुठे आहे? पोरी होत्या. डबा होता. टेपची घरघर होती. ताडपत्री होती, पंप होता, स्वतःची नाडी होती. बारीक, सुईसारखी... कुठे? व्हॉल्व्ह वाजतो हे त्याला शिकवायला नको, आतली तार सैल झाली की काच गाऊ लागते, खालून हादरा बसला की जास्त, खाली मऊ काही घातलं की कमी — पेन्सिलीने टिचकी मारून त्याने असे शेकडो पकडले होते, अडतीस वर्षं. हे सगळं त्याला माहीत होतं. शिट्टी तेवढी नव्हती.

संघदीप आता चिठ्ठीकडे पाहत होता. हळूहळू काहीतरी जुळवत होता, ते त्याच्या भुवयांवर दिसत होतं.

"काका," तो म्हणाला, "पण मंग पह्यल्या खेपेला शिट्टी नव्हती, अन् तुमी..."

"अरे बाप्पा," कस्तुराबाई कप खाली ठेवत म्हणाली, "यायनंच तं सांगतलं मले शिट्टीचं. मले का समजते त्यातलं? मी पोळपाटवाली बाई. हे म्हणे, खाली फडकं ठेव, वाजून राह्यला तो. अन् आज सकाळीच काढून टाकलं मुद्दाम. तुयी परीक्षा घेऊन राह्यले ते! तुले वयखू येते का नाई, ते पाहाले उलटंपालटं सांगून राह्यले असतीन. तू समजला का यायचीच परीक्षा चालू हाय?"

संघदीपने जगदेवकडे पाहिलं. जगदेवने काय चेहरा केला ते त्याचं त्यालाही कळलं नाही, पण पोरगा हसला, मोकळा हसला, चिठ्ठीचा बोळा करून खिशात घातला आणि म्हणाला, "काका, भारी हाय तुमी. मी तं घाबरलोच होतो." त्याने खरं मानलं की मानल्यासारखं केलं, कळलं नाही; कोणत्या खेपेला कोणता होता ते त्या बोळ्यावर होतं, आणि बोळा खिशात होता. गटात काय टाकू, असं जाताना विचारलं. आज नको टाकू, जगदेव म्हणाला. सांगतो.

मोटारसायकल गेली. तिचा आवाज ऐकू आला, वळणापर्यंत.

तो खुर्चीत बसून राहिला. चिडायला हवं होतं आणि कोणावर चिडावं ते सापडेना, हीच मोठी चीड होती. खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं हिला? आणि इतकं सफाईने, डोळ्याला डोळा भिडवून, माझ्याच घरात, माझ्याच कानाबद्दल... मला वाचवायला मी काय विहिरीत पडलो होतो? पोळपाटवाली म्हणाली. बोलली नव्हती त्या दिवशी, पण ठेवून घेतलं होतं, आणि काढलं ते असं, माझ्यासाठी. आठ महिने मी तिला कान नाही म्हणून सांगतो आहे. खारीक ऐकणाऱ्या पोरीला. आणि ती रोज डबा बंद झाल्यावर येऊन घडी ठेवते, मी रोज सकाळी फेकतो, ती परत ठेवते, एकदासुद्धा म्हणाली नाही — अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का? का म्हणाली नाही? म्हणायला काय झालं होतं? म्हणाली असेल आणि मला...

त्याने टेप पुन्हा लावली. समोर बसून, भोंग्याला गुडघे टेकवून. डबा हलला. खारीक — आहे. स्पष्ट आहे. पण आता त्याला खारकेचा आवाज भोंग्यातून येताना दिसेना. तो आसेगावच्या अंगणातून येत होता. त्या पोरीच्या बांगड्या, पत्र्याची कड, खारकेचा तो एकच जड ठोका, हे सगळं चोविसाव्या वर्षी एकदा कानात पडलं होतं आणि तिथेच राहिलं होतं, आणि टेपवर ती जागा आली की तो ते स्वतःच वाजवत होता, कधी दोनशे अकराच्या नावाने, कधी आठशे पंचेचाळीसच्या. व्हॉल्व्ह बिचारे आपलं आपलं वाजत होते. त्यांचं कोणी ऐकलंच नव्हतं.

त्याने टेप बंद केली. खिडकीतली घडी आणली. ठेवावी की नाही, हातात धरून उभा राहिला, आणि तशीच हातात घेऊन परत बसला. डबा अजून पेटलेला होता. म्हणजे शिट्टी चालू असणार, याच खोलीत, त्याच्याच डोक्यावरून.

स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा अर्धा सरकलेला होता. कस्तुराबाई ओट्यापाशी पाठमोरी, कढईत काहीतरी परतत. आज ती परसात गेली नव्हती. आता ओरडेल, त्याला वाटलं. आता कुठल्याही क्षणी टिपेला ओरडेल, आणि मी दचकेन, आणि माझं डोकं फिरेल. तो वाट पाहत राहिला. तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

तिची मान जराशी इकडे वळली. गाल हलला. हनुवटी हलली, दोनदा. बस. ऐकू काहीच आलं नाही. मग ती थांबली, उलथनं तसंच हातात धरून, माणूस उत्तरासाठी जेवढं थांबतो तेवढं थांबली.

म्हणजे ही पहिली हाक. म्हणजे दर वेळी ही पहिली असायची. दोन वर्षं तो दुसरीच हाक ऐकत आला होता.

तिचे खांदे वर झाले. तिने श्वास भरून घेतला, मोठ्या हाकेचा.

"हो," जगदेव म्हणाला.

खांदे तसेच राहिले. उलथनं थांबलं. तिने पूर्ण वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने नजर काढून घेतली नाही, फडक्याची घडी मुठीत घट्ट धरून तिच्याकडे पाहत राहिला. आपण कशाला हो म्हणालो, हे त्याला माहीत नव्हतं.